अहो आई

“या बाईच्या घरात अकरा तऱ्हेचे पेले आहेत,” आई म्हणाल्या, “आणि लाटणं एक नाही.”

त्यांनी स्वयंपाकघरातला शेवटचा खण उघडून पाहिला आणि ढकलून दिला. साताऱ्याहून पिशवीत आणलेली कणीक मळून झाली होती, तव्याच्या जागी एक जाड बुडाची कढई तापत होती, आणि मोठ्या काचेच्या दारापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी, जो बघायला लोक कुठून कुठून येतात तो समुद्र पसरला होता. आईंनी त्याच्याकडे अजून धड मान वळवली नव्हती. ग्रेनाडा नावाच्या त्या कॅरिबियन बेटावर आम्ही सकाळीच उतरलो होतो, आणि भाड्याने घेतलेल्या बंगल्यात शिरल्या शिरल्या माझ्या सासूबाईंनी गॅस कसा पेटतो ते विचारलं होतं.

“बाटलीने लाटा,” मी म्हटलं.

“कुठल्या?”

टेबलावर घरमालकिणीने पाहुण्यांसाठी ठेवलेली रमची बाटली होती, गळ्याला लाल रिबीन बांधलेली. आईंनी ती उचलून उजेडात धरली, नळाखाली स्वच्छ धुतली, रिबीन सोडून तिची घडी करून ठेवली आणि पहिली पोळी लाटायला घेतली.

“वजन बरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण पोळी वाकडी झाली तर मला बोलायचं नाही. मी शुद्धीवर आहे, बाटलीचं मला सांगता येत नाही.”

मी इतकी हसले की मकरंद बाहेरून आत आला. आईचं ते लाटणं पाहून त्यालाही हसू आलं. त्याने कॅमेरा फडताळात टेकवून ठेवला, बटण दाबलं, पळत आमच्या मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्याच्या घरातली काचेची वस्तू उचलून पाहावी तसा, हलका. कितीतरी महिन्यांनी तो हात माझ्या खांद्यावर आला होता आणि फोटो निघेपर्यंतच तिथे राहणार होता. हे आईंना ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

आम्ही वेगळे होणार होतो. त्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी, गाडी बंद पडल्याचं सांगावं तशा आवाजात मकरंदने मला सांगितलं होतं, की त्याच्या ऑफिसातल्या एका बाईबरोबर त्याचं जुळलंय आणि त्याला आता मोकळं व्हायचंय. मी आदळआपट केली नाही. माझा स्वभाव तिखट आहे, पण तिखटपणाला समोर काहीतरी लागतं, आणि आमच्यात तेवढंही शिल्लक नव्हतं. मला मूल नव्हतं. नवरा गेल्याचं दुःख पेलेल असं वाटत होतं. आई जाणार, हे मात्र पेलत नव्हतं.

माझी स्वतःची आई मी सातवीत असताना गेली. वडील सज्जन होते, पण घरात दिवसभरात चार वाक्यं बोलायचे आणि त्यातलं एक हवेबद्दल असायचं. लग्न होऊन मी साताऱ्याला गेले त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझे केस पाहिले, म्हणाल्या, “हे काय केरसुणीसारखं करून ठेवलंयस? इकडे बस.” आणि तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे बसल्या. त्यांची बोटं केसांत फिरायला लागली आणि मी रडायला लागले. त्यांनी काही विचारलं नाही. तेल जिरेपर्यंत मला रडू दिलं. त्या दिवसापासून मी मकरंदची किती झाले ते मला सांगता येणार नाही, पण त्या बाईची झाले.

“आईला आत्ता काही कळू द्यायचं नाही,” मकरंदने निघण्यापूर्वी मला बजावलं होतं. “ही सुट्टी तिला सुखाने घालवू दे. ती परत गेली की मी फोनवर सांगेन.”

मी मान डोलावली होती. मनात मात्र ठरवलं होतं की फोनवर नाही, त्याच्या तोंडून नाही, मीच सांगेन. आणि सांगून झालं की विचारेन, आई, मी तरीही तुमच्याकडे येत राहू ना? तेवढा एक प्रश्न घेऊन मी ग्रेनाडाला गेले होते. बाकी पोहण्याचे कपडे वगैरे मकरंदने भरले होते.

दुसऱ्या दिवशी बंगल्याची देखभाल करणारी व्हर्ना आली. धिप्पाड, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली, मोठ्याने बोलणारी बाई. तिने आमच्या तिघांकडे पाहिलं, आईंचा माझ्या पाठीवर टेकलेला हात पाहिला आणि मला म्हणाली, “तुझी आई तुला सोडत नाही वाटतं. आणि हा जावई बिचारा एकटाच समुद्रावर.”

मी आईंना भाषांतर करून सांगितलं. आई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या.

“सांग तिला, मुलगा माझा आहे म्हणून.”

“नको. सासू आहे म्हटलं की लोक दयेने बघतात माझ्याकडे.”

“बघू देत की. मी काय तुला छळत नाही होय? काल रात्री भांडी कोणी घासली?”

“तुम्हीच.”

“मग? भांडी घासायला दिली नाहीत सुनेला. याहून मोठा छळ कुठला?”

व्हर्नाला काहीच सांगितलं नाही. ती आठवडाभर मकरंदला जावईच समजत राहिली. त्याने ते निमूटपणे चालवून घेतलं. तसा तो वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हणू शकते.

अंगणात जायफळाचं झाड होतं. पिवळी फळं पिकून उकलली होती आणि आत लालभडक जायपत्री दिसत होती. आई त्या झाडाखाली लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या. “जायफळ झाडाला लागतं हे मला या वयात कळतंय. मला वाटायचं ते डबीतच होतं.” त्यांनी पदरात फळं गोळा केली. मकरंद समुद्रावर गेला होता, व्हर्ना आत लादी पुसत होती. मला वाटलं, हीच वेळ.

“आई, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.”

“बोलू की. आधी हे धर.” त्यांनी माझ्या ओंजळीत फळं ओतली. “आणि ते बघ गं, तिकडे, पाण्याच्या डबक्यापाशी. अळू ना ते?”

अळूच होतं. हातभर रुंद पानांचं, काळ्या देठांचं. व्हर्नाने सांगितलं की इथले लोक त्याचं सूप करतात. आईंना हे ऐकवेना. “एवढ्या सुंदर पानांचं सूप!” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ताबडतोब अळूवडीचा घाट घातला. बेसन, चिंच, गूळ, सगळं त्यांच्या पिशवीत होतं. परदेशात निघताना इतर बायका स्वेटर भरतात. आमच्या आई बेसन भरायच्या.

आम्ही दोघी व्हरांड्यात पानं पसरून बसलो. त्या शिरा लाटत होत्या, त्याच बाटलीने, आणि मी पीठ लावत होते. खाली समुद्रात मकरंदचं डोकं ठिपक्याएवढं दिसत होतं.

“आई, मघाशी मी म्हणत होते—”

“शू. अळूवडी करताना बोलायचं नसतं. घशाला खाज सुटते.”

“असं कुठे असतं?”

“आमच्यात असतं.”

“बारा वर्षं मी तुमच्यातच आहे. कधी ऐकलं नाही.”

“बारा वर्षं तू अळूवड्या खाल्ल्यास. केल्यास कधी?”

मी पुढच्या पानाला पीठ लावलं. त्यांनी गुंडाळी घट्ट करून दोऱ्याने बांधली. गाठ पहिल्या खेपेला बसली नाही. वय झालं, असं मला वाटलं. आणि मला भयंकर वाईट वाटलं, की हे हात पुढे कोण बघणार, त्यांची गाठ बसेनाशी होईल तेव्हा मी कुठे असेन.

वड्या फक्कड झाल्या. व्हर्नाने चार खाल्ल्या आणि घरी नेण्यासाठी डबा भरून घेतला. मकरंद म्हणाला, “आई, तू इथे दुकानच टाक.” आई म्हणाल्या, “टाकते. ही गल्ल्यावर बसेल.” ही म्हणजे मी. मकरंदने ताटात पाहिलं आणि मीही माझ्या ताटात पाहिलं.

असेच दिवस गेले. मी बोलायला जायचे आणि आईंना काहीतरी आठवायचं. कधी दूध उतू जात असायचं, कधी गुडघ्याला तेल लावायचं असायचं, कधी मकरंदला हाक मारून त्या पत्ते मांडायच्या. मी चिडायला लागले. एकदा तर मी मकरंदला बाजूला घेऊन म्हटलं, “तुझ्या आईला माझ्याशी दोन मिनिटं एकटं बसायला नको झालंय.” तो म्हणाला, “कशाला बसायचंय एकटं? आपलं ठरलंय ना?” आणि मान वळवून पोहायला निघून गेला. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं, पण माणूस आपल्या प्रश्नात इतका गुरफटलेला असतो की समोरच्याचा चेहरा त्याला दिसत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मकरंद गाडी घेऊन गावात मासे आणायला गेला. व्हर्ना काम आटोपून केव्हाच गेली होती. आई कोनाड्यातल्या त्यांच्या छोट्या देवांपाशी काहीतरी गोळा करत होत्या. अंगणात जास्वंदीला बहर होता आणि त्या रोज ओंजळभर फुलं वाहायच्या. आठवडाभराचं निर्माल्य एका कागदी पिशवीत साठलं होतं.

“हे पाण्यात सोडून येऊ या,” त्या म्हणाल्या.

“कचऱ्याच्या डब्यात गेलं नाही म्हणजे झालं. झाडाच्या बुंध्याशी घाला की.”

“समोर एवढा समुद्र असताना बुंध्याशी? चल.”

टेकडीवरून खाली पायऱ्या होत्या. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. डावीकडे काळा खडक होता, आणि त्याच्यापलीकडे दुपारनंतर पाणी ओढतं, तिकडे जाऊ नका, असं व्हर्नाने आल्या दिवशीच सांगितलं होतं. आम्ही खडकाच्या अलीकडेच थांबलो. आईंनी चपला काढल्या, निऱ्या खोचल्या, घोटाभर पाण्यात गेल्या आणि हात जोडून फुलं सोडली. लाट आली आणि सगळी फुलं परत त्यांच्या पायाशी घेऊन आली.

“परत येतायत गं,” आई म्हणाल्या.

“येऊ देत. तुम्ही सोडलीत, झालं.”

“असं कसं? पायाखाली येतील.” त्यांनी वाकून फुलं गोळा केली आणि थोड्या पुढे गेल्या. पुन्हा सोडली. फुलं पुन्हा परत आली. त्या आणखी पुढे गेल्या, कडेकडेने, खडकाच्या बाजूला, कारण तिकडे पाणी बाहेर जाताना दिसत होतं. मी वाळूत उभी राहून त्यांच्या चपला हातात धरून मनाशी वाक्य जुळवत होते. आता इथे ना दूध उतू जाणार, ना पत्ते. आता विचारायचंच.

मान वर केली तेव्हा त्या कमरेएवढ्या पाण्यात होत्या. लुगडं फुगलं होतं. मोकळ्या हाताने त्या तोल सावरत होत्या आणि तोल सावरत नव्हता.

मी धावले. मी काय ओरडले ते मला तेव्हा ऐकूही आलं नाही. पाणी माझ्या छातीशी आलं, पायाखालची वाळू सरकत होती, आणि एका लाटेने आई बुडून पुन्हा वर आल्या तेव्हा माझ्या हाताला त्यांचा दंड लागला. मी ओढलं. दुसऱ्या लाटेने आम्हा दोघींना उचललं आणि बाहेर फेकलं. मी गुडघ्यांवर रांगत त्यांना ओढत वर आणलं. त्या खोकत होत्या, नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि त्यांच्या मुठीत अजून एक जास्वंद होती, चोळामोळा झालेली.

बराच वेळ आम्ही नुसत्या पडून राहिलो. मग त्या उठून बसल्या आणि माझ्याकडे पाहायला लागल्या.

“काय म्हणालीस मला?”

“कधी?”

“पाण्यात येताना. ओरडत होतीस ते.”

“मला नाही आठवत.”

“‘अगं ए आई, मागे ये,’ म्हणालीस. ‘ये ना गं मागे,’ म्हणालीस.”

मला शरम वाटली. लग्न झाल्यापासून त्या माझ्या मागे लागल्या होत्या की मला अहो-जाहो करू नकोस, अगं म्हण. माझ्या मैत्रिणींच्या सासवांना ‘अहो आई’ ऐकायला आवडायचं. आईंना नाही. पण माझ्या तोंडून ते यायचं नाही. ‘अगं आई’ ही हाक मी सातवीत एका बाईबरोबर स्मशानात पाठवून दिली होती आणि ती परत कशी आणायची ते मला माहीत नव्हतं. आणि त्या दुपारी ती आपली आपण आली होती.

“इतकी वर्षं डोकं फोडलं मी,” आई म्हणाल्या, “आणि आत्ता सुचलं होय तुला?”

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. घाबरल्या असतील, असं समजून मी त्यांना जवळ घेतलं. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मग एकदम ते उचललं आणि बाजूला सरकून बसल्या.

“आई,” मी म्हटलं, “मला तुम्हाला काही सांगायचंय. मी आणि मकरंद—”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“सगळं. मकूने संक्रांतीच्या सुमाराला फोन केला होता.”

लाटा येत होत्या, जात होत्या.

“मग इतके दिवस हे—”

“मीच म्हटलं त्याला. म्हटलं, एकदा आपण तिघं कुठेतरी जाऊ. तिला कळू देऊ नकोस की मला कळलंय. सातारा नको म्हटलं, तिथे सतरा माणसं घरात येतात. कुठेतरी लांब, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. त्याने हे शोधून काढलं.” त्यांनी पदर पिळला. “मला माझी सून होती तशी हवी होती गं. थोडे दिवस. रडारड न करता.”

मला राग आला. अगदी खरा, तिखट राग. “म्हणजे मी एकटीच वेडी. तुम्ही दोघं मिळून नाटक करत होतात आणि मी रोज तुमच्यामागे फिरत होते. मी बोलायला आले की तुम्हाला दूध आठवत होतं.”

“हो.”

“का?”

“तू विचारशील म्हणून.”

“काय विचारेन?”

“जे आता विचारणार आहेस ते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समुद्राकडे पाहत होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्या इतका वेळ समुद्राकडे पाहत होत्या. मी विचारलं. घोकून ठेवलेलं वाक्य विसरून गेले आणि नुसतंच विचारलं.

“मी येत राहू ना, आई? साताऱ्याला? सणावारी नको. कुणी नसताना. अधूनमधून.”

“नको येऊस.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“नको येऊस, शलाका. फोनही नको करूस.”

“माझं काय चुकलं?”

“तुझं काही चुकलं नाही. तुझं चुकलं असतं तर सोपं झालं असतं मला.” त्या थांबल्या. “ती दोन जिवांची आहे. श्रावणात दिवस भरतात. तू समोर असलीस ना, तर ते मूल मला मांडीवर घेता यायचं नाही.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

“मकूने सांगितलं नाही तुला?”

मी मान हलवली. त्याने त्या बाईबद्दल सांगितलं होतं, बाळाबद्दल नाही. मला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आई साताऱ्याहून आल्या होत्या आणि झाडांना पालवी फुटेपर्यंत माझ्या उशाशी राहिल्या होत्या. मला त्यांनी त्या काळात एकदाही ‘पुन्हा होईल’ असं म्हटलं नव्हतं. सगळं जग म्हणत होतं, त्या नाही. म्हणूनच मी जगले, असं मला वाटतं.

“देवा,” आई म्हणाल्या. “देवा, हे माझ्याच तोंडून यायचं होतं.”

त्यांनी माझा हात धरला. मी धरू दिला, पण माझी बोटं मिटली नाहीत.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “मला एकच मुलगा आहे. माझं वय झालंय. त्याने जे केलं ते मला आवडलेलं नाही, मी त्याला तसं सांगितलंय. पण मला त्याला माफ करायचंय. मरण्याआधी करायचंय. तू डोळ्यांसमोर येत राहिलीस तर माझ्याच्याने ते व्हायचं नाही. दर वेळी तू आलीस की मी त्याचा राग करीन, आणि त्या पोराचाही करीन. त्या पोराने काय केलंय?”

“आणि मी? मी काय केलंय?”

त्यांच्या केसांतून पाणी टपकत होतं.

“तू एकदा आईशिवाय राहायला शिकली आहेस,” त्या म्हणाल्या. “तुला जमेल. मला मुलाशिवाय राहता यायचं नाही.”

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मला अजून लागतं. ते क्रूर होतं आणि खरं होतं, आणि त्यांनी ते अशा आवाजात म्हटलं होतं की मला त्यांचा धड रागही करता आला नाही. मी ओक्साबोक्शी रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवायचा नाही असं त्यांनी ठरवलं असावं, कारण त्यांचे दोन्ही हात वाळूत रुतलेले मला दिसत होते.

वरून गाडीचा हॉर्न वाजला. मकरंद आला होता. आई उठल्या, लुगडं झटकलं, चपला शोधल्या.

“मासे आले वाटतं,” त्या म्हणाल्या. “चल. ओले कपडे बदल आधी, सर्दी होईल.”

आम्ही पायऱ्या चढून वर गेलो. मकरंदने आम्हा दोघींना भिजलेलं पाहिलं, आमचे चेहरे पाहिले आणि हातातली पिशवी खाली ठेवली. त्याला सगळं समजलं. मासे आईंनी तळले. आम्ही तिघं एका टेबलावर बसून जेवलो, आणि आईंनी माझ्या पानात काटे काढून मधला तुकडा वाढला. मी तो खाल्ला. चव लागली नाही, पण खाल्ला.

न्यू यॉर्कच्या विमानतळावर त्यांचं मुंबईचं विमान होतं. मकरंद त्यांचं सामान ढकलत पुढे गेला होता. मी वाकून नमस्कार केला. ‘येते’ म्हणता येत नव्हतं आणि ‘जाते’ म्हणवत नव्हतं.

“निघते, आई,” मी म्हटलं. “तब्येतीला जपा.”

“जपते हं,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा अहो-जाहोवर आले होते, ते त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, मग पर्समधून पासपोर्ट काढला आणि तो नीट उघडून धरला, जणू त्यातलं आपलं नाव त्यांना पुन्हा वाचायचं होतं. रांग सरकली तशा त्या पुढे गेल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. मी शेवटपर्यंत बघत होते म्हणून मला माहीत आहे.

मी त्यांचं ऐकलं. फोन केला नाही. आईंना नात झाली हे कुणाकडून तरी कळलं. एकदा पुण्याला गेले होते तेव्हा साताऱ्याची गाडी स्टँडवर समोर उभी होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी गाडी सुटेपर्यंत तिच्याकडे पाहत उभी राहिले. चढले नाही. मी आता शिकागोजवळ राहते, एकटीच, पण मजेत. माझ्या मैत्रिणी आहेत, माझं काम आहे, आणि माझ्या जिभेचा तिखटपणाही शाबूत आहे.

गेल्या फाल्गुनात, ऑफिसात जेवायला बसले होते तेव्हा फोनवर मकरंदचा निरोप आला. घटस्फोटाची कामं संपल्यापासून त्याचा माझा काही संबंध नव्हता. त्याच्याकडे माझा नंबर असेल असंही मला वाटलं नव्हतं. दोनच शब्द होते. ‘आई गेली.’

मी डबा बाजूला सारला. परक्या माणसाला कळवताना आपण ‘माझी आई गेली’ असं कळवतो. त्याने बाकी सगळ्यांना तसंच कळवलं असणार. मला त्याने नुसतं ‘आई गेली’ असं लिहिलं होतं. एका घरातली माणसं एकमेकांना सांगतात तसं.

मग मी लिहिलं, ‘तिला फार त्रास झाला का?’